दुपंखी विमानाच्या प्रतिकृतीतील पंखबांधणी

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात एकावर एक पंख रचलेले दुपंखी विमान, म्हणजेच बायप्लेन, प्रबळ ठरले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी पूलबांधणीच्या शास्त्रात होते. रेल्वेच्या कामांत आयुष्य घालवलेले अमेरिकन अभियंता ऑक्टेव्ह शनूट यांच्या ज्या दुपंखी ग्लायडरने १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्यांवरून उड्डाणे केली, त्यात वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये पुलाची कैची, म्हणजे उभे दांडे आणि तिरप्या ताणतारा यांची चौकट, बसवलेली होती. हीच कल्पना राइट बंधूंनी १९०३ च्या विमानात वापरली. एकटा पंख भाराने वाकला असता. तारांनी बांधलेली पंखांची जोडी मात्र हलकी राहूनही ताठ राहत असे.

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांत अशा पंखाचा सांगाडा मुख्यतः स्प्रूस लाकडाचा असे. त्यात लांबीच्या दिशेने दोन वासे आणि त्यांवर आडव्या, पंखाला वक्राकार देणाऱ्या बरगड्या असत. त्यावर लिननचे कापड चढवून डोप नावाचे सेल्युलोजयुक्त द्रावण फासले जाई, जे सुकताना कापड आवळून घेई. उड्डाणात पंखांना वर उचलणारा जोर एका दिशेच्या तारा पेलत, तर जमिनीवर पंखांचे वजन उलट दिशेच्या तारा पेलत. १९१७ मध्ये युद्धात उतरलेल्या सॉपविथ कॅमलचा वरचा पंख बांधणी सोपी व्हावी म्हणून सपाट ठेवला गेला आणि खालच्या पंखाला टोकांकडे सुमारे पाच अंशांचा चढ दिला गेला. त्यामुळे टोकांशी दोन्ही पंख एकमेकांच्या अधिक जवळ येतात.

प्रतिकृतींच्या इतिहासात या रचनेला न्याय मिळण्यास वेळ लागला. ब्रिटनमध्ये १९३२ पासून विकल्या गेलेल्या ‘स्कायबर्ड्‌स’ संचांनी १:७२ हे प्रमाण, म्हणजे सहा फुटांना एक इंच, रूढ केले. त्यांचे पंख लाकडी होते. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ संचांनी साच्यात ओतलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट आणले. खऱ्या पंखांचे कापड ताणणाऱ्या डोपमध्येही हेच द्रव्य वापरले जात असे. तेथे जे पंखाची त्वचा घट्ट करी, त्याचाच आता संपूर्ण पंख झाला. पुढील काळातील अनेक प्लास्टिक संचांत पंखावर कापडाची वीण ठळक कोरलेली असे. परंतु बहात्तरपट लहान केल्यावर लिननची वीण डोळ्याला दिसूच शकत नाही, आणि दिसायला हवेत ते बरगड्यांचे हलके उठाव.

१:७२ प्रमाणात कॅमलच्या पंखांचा विस्तार जेमतेम १२ सेंटिमीटर भरतो, तर १:१६ प्रमाणात तो अर्ध्या मीटरहून अधिक होतो आणि प्रत्येक बरगडी स्वतंत्र कापून वाशांवर ओवणे शक्य होते. प्रमाण कोणतेही असो, खरी कसोटी दोन्ही पंख जोडताना लागते. म्हणून कसलेला कारागीर आधी खालचा पंख योग्य कोनात धरणारा साचा तयार करतो, वरचा पंख दांड्यांवर टेकवून समोरून, वरून आणि बाजूंनी तपासतो, आणि त्यानंतरच तारा ओढतो. कारण एका बाजूची तार अधिक ताणली गेली तर पंख पिळवटतो.

युद्धकाळातील विमानतळांवर तारा जुळवणारे कारागीर, ज्यांना रिगर म्हणत, हेच काम खऱ्या पंखांवर करीत. त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग हातांच्या सवयीत होता आणि तो केवळ आराखड्यांतून पुरता उमगत नाही. दुपंखी विमानाचे पंख बारकाईने बांधणारा प्रतिकृतिकार ते ज्ञान पुन्हा कृतीत आणतो. म्हणूनच या छंदाची गणना तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासपद्धतींत व्हायला हवी.