जयकर, मुकुंद रामराव
जयकर, मुकुंद रामराव : (१३ नोव्हेंबर १८७३ – १० मार्च १९५९). मुंबईचे बॅरिस्टर, राजकीय नेते, फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी एक व पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. जन्म मुंबईत, पाठारे प्रभू कुटुंबात. १९०२ मध्ये एल्एल्.बी., १९०५ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. नावाआधीचे ‘बॅ.’ मराठी माणसाच्या तोंडी कायमचे बसले. न्यायमूर्ती जयकर फारसे कोणी म्हटले नाही.

वकिली मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या दाव्यांच्या शाखेत. तिथली तेव्हाची रीत न्यारी : पक्षकाराने सॉलिसिटर गाठायचा, त्याने कागदपत्रे लावून ब्रीफ तयार करायची आणि बॅरिस्टरने ती घेऊन कोर्टात उभे राहायचे. सॉलिसिटरने विचारले नाही, तर विलायतेची सनदही घरात पडून राही. जयकरांचा तिथे जम बसला. मात्र राजकारणाने त्यांचा बराच वेळ घेतला. जालियनवाला बागेनंतरच्या काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीत ते होते. पुढे मुंबई कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते, मग प्रतियोगी सहकारवादी. १९३० मध्ये तेजबहादूर सप्रूंबरोबर त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात काँग्रेसच्या नेत्यांशी समेटाची बोलणी केली. १९३२ च्या पुणे करारावरही त्यांची सही आहे.

१९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. रस्त्यांचा खर्च पेट्रोलवरच्या जादा करातून काढावा, ही तिची शिफारस. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे कर वाढला.

हायकोर्टाच्या न्यायाधीशपदाची पायरी न चढता ते १९३७ मध्ये थेट, १९३५ च्या भारत सरकार कायद्याने स्थापलेल्या फेडरल कोर्टावर गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, तिसरे सर शाह मुहंमद सुलेमान. कोर्ट भरे दिल्लीच्या जुन्या संसदभवनातल्या नरेंद्रमंडळाच्या, म्हणजे संस्थानिकांच्या सभेच्या दालनात, आणि गंमत अशी की नरेंद्रांची राज्येच या कोर्टाच्या कक्षेबाहेर. १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्यात एकही संस्थान सामील झाले नाही. धारचे पवार, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, इंदूरचे होळकर, कोणीच नाही. माळव्यातल्या मराठी दरबारांपर्यंत या मराठी न्यायाधीशाचा हात पोचत नव्हता.

कोर्टापुढचा पहिला महत्त्वाचा प्रश्न पुन्हा पेट्रोलचाच निघाला. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसवला. हा विक्रीकर, म्हणजे प्रांताचा. की अबकारी, म्हणजे केंद्राचा? गव्हर्नर जनरलने कोर्टाचे मत मागवले. डिसेंबर १९३८ मध्ये तिघांनीही प्रांताच्या बाजूने कौल दिला. जयकरांनी आपले मत स्वतंत्र लिहिले. दहा वर्षांपूर्वी पेट्रोलवर केंद्राचा कर वाढवायला सांगणाऱ्यानेच आता त्याच पेट्रोलवर प्रांतालाही वाट मोकळी करून दिली. यात विसंगती नाही : तेव्हा प्रश्न पैसा कुठून आणायचा याचा होता, आता अधिकार कोणाचा याचा.

१९३९ मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले आणि १९४२ मध्ये तिथून बाहेर पडले. न्यायासनावर एकूण पाचेक वर्षे. संविधान सभेत त्यांनी डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर, मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत थांबावे अशी उपसूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला पाठिंबा दिला, तरी ती टिकली नाही. १९४८ ते १९५६ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. गणेशखिंडीतले ग्रंथालय त्यांच्या नावाचे आहे.

त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ १९५८–५९ मध्ये दोन खंडांत निघाले. ते १९२५ पाशी थांबते. न्यायाधीश जयकर त्यात येतच नाहीत.