पगारातून सायकल : ब्रिटनची ‘सायकल टू वर्क’ योजना

नोकरदाराने कामावर जाण्यासाठी सायकल घ्यावी, तिची किंमत त्याच्या पगारातून दरमहा वळती व्हावी आणि वळत्या झालेल्या रकमेवर त्याला प्राप्तिकर भरावा लागू नये, अशी व्यवस्था ब्रिटनमध्ये पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. ‘सायकल टू वर्क’ या नावाने ती ओळखली जाते. तेथील रुग्णालये, महापालिका, विद्यापीठे, बँका व संगणक कंपन्यांतील कर्मचारी तिचा लाभ घेतात. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी मंडळींपुढेही रुजू होताना मिळणाऱ्या कागदपत्रांत या योजनेचे पत्रक अनेकदा येते. सवलत खरी असली तरी ती किती मिळणार हे पगारावर, करारावर आणि शेवटच्या हप्त्यानंतर काय होते यावर अवलंबून असते.

योजनेचा उगम

रस्त्यांवरील वाहनांची कोंडी व प्रदूषण कमी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने जुलै १९९८मध्ये वाहतूक धोरणाची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. त्यानंतर आलेल्या १९९९च्या वित्त कायद्याने मालकाने कर्मचाऱ्याला वापरण्यासाठी दिलेली सायकल व सुरक्षा साधने करमुक्त ठरविली. पुढे ही तरतूद २००३च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम २४४मध्ये समाविष्ट झाली. पगाराऐवजी मिळणाऱ्या अनेक सुविधांवरील करसवलत एप्रिल २०१७मध्ये काढून घेण्यात आली, तेव्हाही निवृत्तिवेतनाबरोबर सायकलीची सवलत कायम ठेवण्यात आली.

वेतनत्याग म्हणजे काय?

या योजनेचा कणा म्हणजे ‘सॅलरी सॅक्रिफाइस’, अर्थात वेतनत्याग. कर्मचारी लेखी कराराने आपल्या ढोबळ पगाराचा काही भाग सोडतो व त्या बदल्यात मालक त्याला सायकल वापरायला देतो. पगारच कमी झाल्याने त्या भागावर प्राप्तिकर लागत नाही आणि नॅशनल इन्शुरन्स ही सामाजिक विम्याची वर्गणीही लागत नाही. मालकालाही त्या रकमेवरील आपल्या वाट्याची वर्गणी भरावी लागत नाही. एप्रिल २०२५पासून मालकाच्या वर्गणीचा दर १५ टक्के आहे. म्हणजे एक हजार पौंडांच्या सायकलीमागे त्याचे सुमारे १५० पौंड वाचतात.

प्रत्यक्षात क्रम असा असतो. मालक एखाद्या योजनाचालक संस्थेकडे नोंदणी करतो. कर्मचारी दुकानातून सायकल व साधनांची किंमत काढून अर्ज करतो आणि भाडेकरारावर सही करतो. मंजुरीनंतर त्याला एक व्हाउचर मिळते व ते दाखवून तो दुकानातून सायकल घेतो. पुढील पगारापासून कपात सुरू होते. मुदत बहुधा १२ महिन्यांची असते. या काळात सायकल कर्मचाऱ्याच्या घरी असली तरी मालकीने ती त्याची नसते.

हिशेब एक हजार पौंडांचा

सायकल, हेल्मेट, दिवे व कुलूप मिळून एक हजार पौंड खर्च झाला असे मानू. बारा महिन्यांत दरमहा ८३ पौंड ३३ पेन्स ढोबळ पगारातून जातील. मूळ दराने म्हणजे २० टक्के प्राप्तिकर व ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरणाऱ्याच्या हातातील पगार मात्र दरमहा ६० पौंडांनीच कमी होईल. वर्षअखेरीस त्याचे ७२० पौंड गेलेले असतील. वार्षिक ५० हजार २७० पौंडांच्या वर मिळकत असणाऱ्याला ४० टक्के कर व २ टक्के वर्गणी लागते. त्याला तीच सायकल ५८० पौंडांत पडेल. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे टप्पे वेगळे असल्याने तेथील आकडे थोडे बदलतात.

हिशेब येथे संपत नाही. मुदत संपल्यावर सायकल कर्मचाऱ्याला फुकट दिली, तर तो करपात्र लाभ ठरतो. पूर्वी अनेक मालक नाममात्र रक्कम घेऊन सायकल देऊन टाकत. २०१०मध्ये महसूल खात्याने सायकलीच्या वयानुसार किमतीचा तक्ता जाहीर केला. त्यानुसार ५०० पौंड वा त्याहून महाग सायकलीची किंमत एक वर्षानंतर मूळ किमतीच्या २५ टक्के, तर चार वर्षांनंतर ७ टक्के धरली जाते. स्वस्त सायकलीसाठी हेच प्रमाण अनुक्रमे १८ व ३ टक्के आहे.

वरील उदाहरणात कर्मचाऱ्याने वर्षअखेरीस २५० पौंड देऊन सायकल विकत घेतली, तर मूळ दराने कर भरणाऱ्याला ती ९७० पौंडांना पडेल. बचत अवघी ३० पौंड. म्हणूनच योजनाचालक संस्थांनी मुदतवाढीचा मार्ग काढला. कर्मचारी ७० पौंड अनामत भरून आणखी तीन वर्षे सायकल वापरतो, त्यासाठी वेगळे भाडे नसते आणि चार वर्षे भरल्यावर तीच अनामत किंमत म्हणून धरून मालकी त्याच्याकडे येते. या मार्गाने मूळ दराच्या करदात्याला सायकल ७९० पौंडांत, तर वरच्या दराच्या करदात्याला ६५० पौंडांत मिळते. त्यामुळे सही करण्यापूर्वी करारातील शेवटच्या परिच्छेदाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

काय बसते, काय बसत नाही

सायकल कोणत्याही प्रकारची चालते. इलेक्ट्रिक सायकलही चालते, मात्र तिच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा अधिक नसावी, पॅडल मारले तरच मोटार साथ देणारी असावी आणि ताशी साडेपंधरा मैलांवर ती साथ थांबावी. हेल्मेट, घंटी, दिवे, कुलूप, मडगार्ड, सामानाच्या पिशव्या, मुलाची बैठक व चमकणारे कपडे ही साधने सवलतीत येतात. वेग मोजणारे यंत्र किंवा मोटारीवर सायकल वाहून नेण्याचा सांगाडा यांना ती मिळत नाही.

किमतीची कायदेशीर कमाल मर्यादा नाही. बरीच वर्षे एक हजार पौंडांची मर्यादा पाळली जात असे, पण ती कराची नसून ग्राहक-कर्जविषयक परवान्याची होती. जून २०१९मध्ये सरकारने मार्गदर्शिका सुधारली व परवानाधारक संस्थेमार्फत त्याहून महाग सायकली देण्याचा मार्ग स्पष्ट केला. इलेक्ट्रिक व सामानवाहू सायकली त्यामुळेच योजनेत सहज येऊ लागल्या. तरीही मालक आपल्यापुरती मर्यादा ठरवू शकतो.

मुख्य अट वापराची आहे. सायकलीचा निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्यायेण्यासाठी किंवा कामाच्या दोन ठिकाणांदरम्यान व्हावा लागतो. घरापासून रेल्वे स्थानकापर्यंतचा प्रवासही यात धरला जातो. कर्मचाऱ्याने मैलांची रोजनिशी ठेवावी अशी अपेक्षा नाही.

लपलेले धोके

पहिला धोका नोकरी सुटण्याचा. पाचव्या महिन्याच्या अखेरीस नोकरी सोडल्यास उरलेल्या सात हप्त्यांचे ५८३ पौंड शेवटच्या पगारातून, तेही कर कापून झाल्यावर, एकदम वळते होतात. त्या भागावरील सवलत जाते. अल्पमुदतीच्या प्रकल्पावर भारतातून गेलेल्या अभियंत्यांनी हे ध्यानी घेणे आवश्यक आहे. ज्यांचा व्हिसा विशिष्ट पगाराच्या अटीवर अवलंबून आहे, त्यांनी पगार कमी करून घेण्याआधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारून घेणे श्रेयस्कर.

दुसरा धोका चोरीचा. सायकल चोरीस गेली तरी हप्ते सामान्यतः थांबत नाहीत. विम्याची जबाबदारी बहुधा कर्मचाऱ्यावरच असते. घराच्या विम्यात महागडी सायकल आपोआप येतेच असे नाही.

तिसरा मुद्दा कमी झालेल्या पगाराचा. प्रसूती रजेतील वैधानिक वेतन प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक आठवड्यांच्या सरासरी पगारावर काढले जाते. त्या काळात कपात चालू असेल तर ते वेतन घटू शकते. निवृत्तिवेतनाची वर्गणी मूळ पगारावर धरली जाते की घटलेल्या, हेही मालकागणिक बदलते.

दुकानांचाही एक प्रश्न आहे. योजनाचालक संस्था दुकानदाराकडून विक्रीवर कमिशन घेतात. त्यामुळे सवलतीच्या सेलमधील सायकल योजनेतून देण्यास अनेक दुकाने नकार देतात किंवा वेगळा आकार लावतात. सेलमध्ये २० टक्के सूट मिळत असेल, तर रोखीने घेतलेली सायकल आणि योजनेतील सायकल यांत फारसे अंतर उरत नाही.

ज्याला गरज, तोच बाहेर

या योजनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. वेतनत्यागानंतर उरणारा पगार कायदेशीर किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. कामगाराच्या संरक्षणासाठी केलेला हा नियम येथे त्याच्याच आड येतो. एप्रिल २०२६पासून २१ वर्षांवरील कामगारांसाठी किमान वेतन ताशी १२ पौंड ७१ पेन्स आहे. ताशी १३ पौंड मिळवणारा कामगार आठवड्याला साडेसदतीस तास काम करीत असेल, तर वर्षभरात तो जास्तीत जास्त सुमारे ५६५ पौंड सोडू शकतो. नेमके किमान वेतन मिळवणारा सफाई कामगार किंवा रुग्णसेवक एक पौंडही सोडू शकत नाही. स्वयंरोजगार करणारे तर योजनेच्या कक्षेतच नाहीत. याउलट, ज्याचा पगार मोठा त्याचा कराचा दर मोठा, म्हणून त्याची बचतही मोठी. पहाटेची पाळी गाठण्यासाठी सायकलीची खरी गरज असलेला माणूस दुकानात पूर्ण किंमत मोजतो आणि त्याच्या साहेबाला तीच सायकल सुमारे दोनतृतीयांश किमतीत मिळते. वेतनत्यागाशिवाय, स्वखर्चाने सायकल वापरायला देण्याची मुभा मालकाला कायद्याने आहे, पण त्यात खर्चाचा भार त्याच्यावर पडतो.

अन्य देशांत

आयर्लंडने जानेवारी २००९पासून अशीच योजना सुरू केली. तेथे मात्र कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. प्रारंभी ती एक हजार युरो होती. २०२०मध्ये ती साध्या सायकलीसाठी १,२५० व इलेक्ट्रिकसाठी १,५०० युरो झाली, तर २०२३पासून सामानवाहू सायकलीसाठी तीन हजार युरो करण्यात आली. जर्मनीत कंपनीच्या मोटारीला लागू असलेली करपद्धती २०१२मध्ये सायकलीलाही लागू झाली आणि तेथे भाडेपट्ट्यावरील ‘कंपनीची सायकल’ रूढ झाली.

करसवलतीने सायकल घरी येते, पण ती रोज रस्त्यावर यावी यासाठी सुरक्षित मार्ग, कचेरीत सायकल ठेवायला जागा आणि पावसात भिजून आलेल्यासाठी कपडे बदलण्याची सोयही लागते. योजनेचे पत्रक हातात आल्यावर बचतीच्या टक्केवारीइतकेच या गोष्टींकडेही पाहिलेले बरे.