परसातील फुले आणि एक जाहीरनामा

गोमंतकातील परसाचा एक अलिखित नियम आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. परसातले फूल विकत घ्यावयाचे नसते. ते शेजारणीकडून मागून आणावयाचे, आणि आपल्याकडे बहर आला म्हणजे तिला पोचते करावयाचे. अबोलीचे रोप माहेराहून येते, मोगऱ्याची फांदी मावशीकडून. पुढे वीस वर्षे त्या झाडाला घरात ‘मावशीचा मोगरा’ असेच म्हणतात. इतक्या निरुपद्रवी सुखाचे कोणाला भय वाटावे, हे वाचकांस खरे वाटणार नाही. परंतु गोव्याच्या इतिहासात तसा काळ होऊन गेला आहे.

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० मध्ये स्थापन झाले आणि १८१२ मध्ये ते कायमचे उठले. ह्या न्यायासनाने १७३६ च्या एप्रिल महिन्यात एक विस्तृत जाहीरनामा काढला. बाटलेल्या लोकांच्या घरात उरलेल्या जुन्या चालीरीती निपटून काढणे हा त्याचा हेतू. लग्नातील ओव्या, वेषभूषा, एवढेच काय पण मीठ न घालता भात शिजविण्याची रीतही त्यातून सुटली नाही. लग्नघरी फुले, विड्याची पाने व सुपारी वाटू नयेत. घरात, आवारात वा बागेत तुळस ठेवू नये, असल्यास उपटून टाकावी, अशी त्यात आज्ञा आहे.

ह्या जाहीरनाम्याचा संताप येणे साहजिकच. तथापि आमच्या मते तो उलट बाजूनेही वाचला पाहिजे. साष्टीतील देवळे सोळाव्या शतकातच जमीनदोस्त झाली होती. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी तुळस उपटण्याचा हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ त्या अंगणांत ती तोवर उगवत होती. तिला कोण पाणी घालीत होते, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या आमच्याच आज्या-पणज्यांच्या बहिणी होत्या, एवढे मात्र म्हणता येईल.

देव त्यापूर्वीच जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आले होते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. फोंड्याचा तो मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता. पोर्तुगीजांच्या हाती तो १७६३ मध्ये गेला. नव्या जागी देवाला फूल हवे, म्हणजे देवळाभोवती बाग हवी. म्हार्दोळच्या जाया आज साऱ्या गोव्यात ठाऊक आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथे जायांची पूजा होते, त्या दिवशी देवी जायांनी झाकून जाते, आणि गावातील फूलकार मंडळींच्या बागांतील कळ्या त्यासाठी येतात. त्या रात्री देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहिले तरी सुगंध अंगाला लागतो.

गंमत अशी की, ज्या परकीयांच्या गलबतांबरोबर ते न्यायासन आले, त्यांच्याच समुद्रमार्गांनी आमची परसे भरली. अननस, काजू व पेरू ह्यांची नावेच पोर्तुगीज भाषेतून आलेली. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू आणि देवाच्या हारातील निशिगंध मूळचे मेक्सिकोचे. देवळाच्या आवारातील पांढरा चाफाही अमेरिका खंडातलाच. आमच्या पूर्वजांनी त्यांची कुळी विचारली नाही. शेजाऱ्याने फांदी दिली, ती लावली, फूल आले ते देवाला वाहिले.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी हे देणे-घेणे सर्वांत गजबजलेले दिसते. वृंदावनात दिण्याची काठी नवरदेव म्हणून उभी करावयाची. तिच्याबरोबर ऊस, चिंचांची डहाळी आणि आवळे लागलेली फांदी. ही सारी झाडे एकाच परसात सहसा नसतात. म्हणून ज्याच्याकडे आवळा आहे त्याच्या दारी सकाळपासून वाड्यावरची मुले येतात. घरची आजी कोयती घेऊन उभी असते, आणि झाड पार बोडके होईल म्हणून कुरकुरत का होईना, प्रत्येकाला एकेक फांदी तोडून देत असते.