बालकादंबरीतील अपंग मूल आणि घोटीचा वर्ग

शारीरिक अपंगत्वासह जगणाऱ्या मुलाची कथा मराठी वर्गात शिकवली जाण्याच्या प्रथेमागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत. अपंग मूल प्रत्यक्षात कोठे शिकत होते, हा त्यांपैकी एक आणि कथेत त्याच्या वाट्याला कोणते स्थान येत होते, हा दुसरा. हे दोन्ही प्रवाह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत परस्परांपासून दूरच राहिले.

मुंबईत १८८५ साली माझगाव येथे कर्णबधिरांची शाळा निघाली आणि १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. या ‘विशेष शाळा’, म्हणजे विशिष्ट अपंगत्व असलेल्या मुलांना स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या संस्था, त्या काळी मोठेच पाऊल होत्या. परंतु त्या मोजक्या आणि शहरांत असल्यामुळे खेड्यातील मुलाला त्यांचा लाभ घ्यायचा तर घर सोडावे लागे. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला होऊन इगतपुरी तालुका मुंबईशी जोडला गेला होता, तरी घोटीच्या आसपासच्या वाड्यापाड्यांतील अपंग मुलाला अशी शाळा दूरचीच होती. त्यामुळे गावच्या सर्वसाधारण वर्गाला ना या मुलाचा सहवास मिळाला, ना त्याच्या कथेची निकड जाणवली.

कथेचा इतिहास याहून निराळा आहे. योहाना स्पिरी यांच्या ‘हायडी’च्या १८८१ साली आलेल्या दुसऱ्या भागात चाकाच्या खुर्चीत बसणारी क्लारा डोंगरातील हवेत चालू लागते आणि फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधील कॉलिनही अखेरीस पायांवर उभा राहतो. अपंगत्व नाहीसे झाल्याखेरीज कथा सुखान्त होत नाही, असा संकेत या लेखनातून रूढ झाला आणि जे मूल कधीच बरे होणार नव्हते, त्याला या सुखात जागा उरली नाही.

हा संकेत मोडणारे पुस्तक मराठी शिक्षकांपर्यंत जपानमधून आले. तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ साली प्रसिद्ध झालेले ‘तोत्तोचान’ हे तांत्रिकदृष्ट्या आत्मकथन असले, तरी ते बालकादंबरीसारखे वाचले जाते आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणला. सोसाकु कोबायाशी यांच्या तोमोए शाळेतील, म्हणजे रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेतील, यासुआकी या पोलिओ झालेल्या मुलाला तोत्तोचान शिडी लावून मोठ्या प्रयत्नाने झाडावर चढवते. तो बरा होत नाही, पण झाडावर पोहोचतो. ज्याच्या हातापायांची वाढ थांबली आहे, तो ताकाहाशी क्रीडादिनाच्या सगळ्या शर्यती जिंकतो, कारण त्या शर्यतींची आखणीच मुख्याध्यापकांनी तशी केलेली असते. शेपटीविषयी बोलताना ताकाहाशीला अजाणता दुखावणाऱ्या शिक्षिकेला मुख्याध्यापक एकांतात कळकळीने जाब विचारतात, तेव्हा बदलण्याची जबाबदारी मुलावर नसून शाळेवर आहे, हे सूत्र पूर्णपणे उलगडते.

याच काळात पहिला प्रवाहही वळला. केंद्र सरकारने १९७४ साली अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची, म्हणजे त्यांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची, योजना आणली. त्यानंतर १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेणारा २०१६ चा कायदा यांनी या मुलाचा शेजारच्या शाळेवरील हक्क कायम केला. भारताला २०१४ साली पोलिओमुक्त घोषित करण्यात आले; म्हणून आज यासुआकीची कथा शिकवताना पोलिओ हा विषाणूमुळे होणारा आणि स्नायू लुळे पाडू शकणारा आजार आहे, हे समजावून द्यावे लागते. त्याबरोबरच, पोलिओ हटला म्हणून अपंगत्व हटलेले नाही, हेही सांगणे आवश्यक ठरते.

घोटी हे भातपट्ट्यातील, तांदळाच्या व्यापाराचे गाव असून तेथे पावसाळा जोराचा असतो. अशा ठिकाणी हे पुस्तक शिकवण्याचा अर्थ यासुआकीविषयी हळहळ निर्माण करणे, एवढाच राहिला तर अध्यापन जुन्या संकेताकडेच परतेल. चिखलाच्या वाटेने कुबड्या घेऊन येणारे मूल वर्गापर्यंत कसे पोहोचेल, पायरीशेजारी उतार आहे काय, स्वच्छतागृहात आधाराचा दांडा आहे काय आणि खेळाच्या तासाला ते मूल मैदानात असते की कडेला बसवलेले असते, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेला विचारले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे शोधताना अपंग विद्यार्थ्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले गेले पाहिजे. कायद्याने या मुलाला वर्गात जागा दिली आहे. त्या जागेला सोबत्यांचा सहवास आणि शाळेची तयारी जोडणे हे शिक्षकाचे काम आहे आणि कादंबरीचा पाठ तेथवर पोहोचला तरच तो पूर्ण झाला, असे मानावे लागेल.