परवान्याविना गायिलेले दुःखसहन

झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी प्रभू येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत आपल्या मंदिरांतून गायिला जातो. त्याची चाल आपल्या कानांत इतकी मुरलेली असते की, शब्दांची धार कित्येकदा जाणवेनाशी होते. अटक, चौकशी, खोटे साक्षीदार, हात धुणारा न्यायाधीश हे सारे आपण उभे राहून ऐकतो आणि घरी परततो. हाच वृत्तांत गाणे जेथे धोक्याचे होते, अशा एका देशाची हकिगत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

एप्रिल १९७८. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या उत्तर भागात, त्रुत्नोव शहराजवळ, ह्रादेचेक नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथे नाटककार वाक्लाव हावेल यांचे घर होते. त्यांच्या नाटकांवर सरकारने बंदी घातली होती. त्या घरी प्रभूचे दुःखसहन गायिले गेले. मात्र गाणारे कोणत्याही मंदिराच्या गायकवृंदातील नव्हते. ते लांब केस राखणारे, कर्कश वाटावे असे संगीत वाजवणारे रॉक वादक होते. त्यांच्या वृंदाचे नाव होते ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. त्या गायनाच्या ध्वनिमुद्रणाला ‘पाशियोवे ह्री वेलिकोनोच्नी’, म्हणजे ‘ईस्टरची दुःखसहन-नाट्ये’, असे नाव मिळाले.

हा वृंद जन्मला तो काळ ध्यानी घेतला पाहिजे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर आले आणि सुधारणांची कोवळी पालवी चिरडली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिलान ह्लाव्सा या कोवळ्या वयाच्या तरुणाने आपल्या मित्रांसह हा वृंद उभारला. नव्या राजवटीत व्यावसायिक वादनासाठी सरकारी परवाना लागे आणि परीक्षकांपुढे हजेरी द्यावी लागे. कोणती गाणी, कोणता वेश, किती लांब केस, हे सारे सरकार ठरवी. या तरुणांना ते मानवले नाही. १९७० साली त्यांचा परवाना गेला. मग ते मित्रांच्या लग्नांत, खेड्यांतील खानावळींत, मिळेल त्या आडोशाला वाजवू लागले. इव्हान यिरोउस हा कलेतिहासाचा अभ्यासक त्यांचा मार्गदर्शक होता. सरकारची कृपा मागायची नाही आणि सरकारशी झुंजही घ्यायची नाही, फक्त आपले आपण खरे जगायचे, अशी त्याची भूमिका होती. या जगण्याला तो ‘दुसरी संस्कृती’ म्हणे.

परंतु सर्व काही आपल्या मुठीत हवे असलेल्या सत्तेला असे अलिप्त जगणेही खुपते. मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली आणि सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात चौघांवर खटला चालला. आरोप होता दंगामस्तीचा. यिरोउसला १८ महिने, पावेल झायीचेकला १२ महिने आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी ८ महिने शिक्षा झाली. त्या दोघांपैकी एक स्वातोप्लुक कारासेक हा प्रॉटेस्टंट पाळक होता. त्याच्या सेवाकार्याची परवानगी सरकारने आधीच काढून घेतली होती. दुसरा होता सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स. तोही प्रागच्या प्रॉटेस्टंट ईशज्ञान विद्यापीठात शिकलेला होता.

हा खटला पाहण्यास हावेल न्यायालयात बसले होते. राजकारणाशी देणेघेणे नसलेल्या या पोरांना केवळ त्यांच्या गाण्यासाठी तुरुंगात जावे लागत असेल, तर उद्या कोणीच सुरक्षित नाही, हे तेथे उमगले. या जाणिवेतून लेखक, तत्त्वचिंतक, धर्मगुरू आणि पदच्युत कम्युनिस्टही एकत्र आले, आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन प्रसिद्ध झाले. तिचे एक प्रवक्ते, वृद्ध तत्त्वज्ञ यान पातोच्का, दीर्घ पोलीस चौकशीनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये निधन पावले.

तुरुंगातून सुटल्यावर ब्राबेनेत्सने दुःखसहनाची संहिता रचली, तिला ह्लाव्साने संगीत दिले आणि ह्रादेचेकच्या घरात ते वाजले. बास गिटारचे जड आवर्तन, त्यावर व्हायोलाचा ओरखडा, सॅक्सोफोनचा आक्रोश आणि मधूनच खरखरीत आवाजातील पवित्र शास्त्रातील प्रसंग, असे त्याचे रूप आहे. आपल्या कानांना ते प्रथम गोंगाट वाटेल. परंतु न्यायसभेपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे रचणाऱ्याने केवळ ग्रंथात वाचलेले नव्हते. पंतय पिलात कसा बोलतो, हे त्याने कानांनी ऐकले होते. येथे वेदना गोड करून सांगितलेली नाही.

या गायनाची ध्वनिफीत देशाबाहेर गेली. पॉल विल्सन हा कॅनडियन तरुण पूर्वी या वृंदात गात असे आणि १९७७ साली त्याला देशातून हाकलले होते. त्याने १९८० मध्ये तिची तबकडी काढली. त्याच्या प्रकाशनसंस्थेचे नाव होते ‘बोझी म्लीन’, अर्थात ‘देवाची गिरणी’. देवाच्या गिरण्या सावकाश दळतात, अशी चेक लोकांत म्हण आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्या दिवसांत ख्रिस्तसभा कोठे होती? ती स्वतः क्रूसावर होती, हे प्रथम सांगितले पाहिजे. एप्रिल १९५० मध्ये एका रात्रीत पुरुष व्रतस्थांच्या मठांवर छापे घालून ते रिकामे करण्यात आले. प्रागचे आर्चबिशप योसेफ बेरान यांनी अनेक वर्षे स्थानबद्धतेत काढली आणि १९६९ साली रोममध्ये परागंदा अवस्थेत देह ठेवला. अनेक धर्मप्रांतांना बिशप नव्हते. धर्मगुरूला मिस्सा अर्पण करण्यासाठीही सरकारी अनुमती लागे. वादकाला परवाना आणि पुरोहितालाही परवाना!

अशा स्थितीत, जानेवारी १९७७ मध्ये, कार्डिनल फ्रांतिशेक तोमाशेक यांनी आपण ‘सनद ७७’वर सही केलेली नाही असे जाहीर केले. सत्ताधाऱ्यांना तेच हवे होते. उरलीसुरली मंदिरे तरी उघडी राहावीत, ही त्या वृद्ध मेंढपाळाची चिंता आम्ही समजू शकतो. तरीही सनदेवर सही करणाऱ्या धर्मगुरूंना आणि प्रापंचिकांना त्या दिवशी एकाकी वाटले असेल, हे नाकारता येत नाही. फादर वाक्लाव माली यांनी सही केली. पुढे त्यांची अनुमती रद्द झाली आणि त्यांना भट्टीवर कोळसा घालण्याचे काम करावे लागले.

तोमाशेक मात्र तेथेच थांबले नाहीत. ऑक्टोबर १९७८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांची निवड झाल्यावर त्यांचा आवाज वर्षागणिक निर्भय होत गेला. १९८८ साली एका प्रापंचिक कॅथलिकाने धर्मस्वातंत्र्यासाठी काढलेल्या विनंतीपत्राला त्यांनी उघड पाठिंबा दिला आणि सुमारे ६ लाख लोकांनी त्यावर सह्या केल्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये सत्ता कोसळताना नव्वदी गाठलेले कार्डिनल जनतेच्या बाजूने उभे होते, आणि लेतना मैदानावरील विराट सभांचे सूत्रसंचालन करीत होते ते कोळसा टाकणारे फादर माली. ते १९९७ मध्ये प्रागचे साहाय्यक बिशप झाले.

वादकांची वाट सोपी नव्हती. ब्राबेनेत्सला १९८२ मध्ये देश सोडावा लागला. यिरोउस पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. त्यांपैकी वाल्दित्से येथील तुरुंग पूर्वी कार्थुसियन व्रतस्थांचा मठ होता. तेथे त्याने लिहिलेल्या कविता गुपचूप बाहेर आल्या आणि त्यांत प्रार्थनेचा सूर आहे. मठातून प्रार्थना हाकलली, ती कैद्याच्या मुखाने परत आली! ह्लाव्सा २००१ मध्ये आणि यिरोउस २०११ मध्ये निवर्तला. ‘दुःखसहन-नाट्ये’ २००४ मध्ये प्रागमध्ये पुन्हा वाजली, या वेळी वाद्यवृंदासह आणि उघडपणे.

हे लिहिताना आम्हांस एक जुनी गोष्ट छळते. अनेक वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात काही तरुण विजेची गिटार घेऊन आमच्याकडे आले होते. क्रूसाच्या वाटेच्या भक्तीसाठी त्यांनी स्वतः गीते रचली होती. त्यांचे केस आणि पेहराव पाहून आम्ही त्यांना दारातूनच परत पाठवले. गीतांचा कागद आम्ही हातातही घेतला नाही. ते पुन्हा आले नाहीत. तेव्हा आम्हांस ‘प्लास्टिक पीपल’ ठाऊक नव्हते, पण फादर स्टीफन्स ठाऊक होते. त्यांनी १६१६ साली परदेशी भूमीवर ख्रिस्तपुराण ओवीत गायिले, तेव्हा तो छंदही ख्रिस्तसभेला नवाच होता.

प्रभूचा क्रूस वाहण्याची वेळ आली तेव्हा शिष्य पांगले होते. शेताकडून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वाटेत धरले. त्याच्याकडे कोणाचाही परवाना नव्हता. त्याचे केस केवढे होते, हे शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवलेले नाही.