कोण कुठल्या लेनमध्ये? हीटच्या यादीची गोष्ट

आजचा विषय ऐकायला अगदी कारकुनी वाटेल. पोहण्याच्या स्पर्धेत हीट आणि लेन कशा ठरवतात? पण सत्तरीतल्या एखाद्या आजींना स्पर्धेत उतरावंसं वाटेल की नाही, हे बऱ्याचदा या यादीवर ठरतं. कसं ते बघू.

१८९६, अथेन्स. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यती थेट समुद्रात झाल्या. १९०० मध्ये पॅरिसला सीन नदीत. लेनचा प्रश्नच नव्हता, ज्याला जशी वाट मिळेल तसं पोहायचं. ५० मीटरचा तलाव आणि आखलेल्या लेन आल्या १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये. मग १९३६ चे बॅकस्ट्रोक विजेते अडॉल्फ कीफर यांनी १९६० च्या दशकात लाटा मोडणारी लेनची दोरी आणली. शेजारच्याचं उसळलेलं पाणी आपल्या लेनमध्ये येणं कमी झालं.

लेन आल्या, की कुणाला कुठली द्यायची हा प्रश्न आलाच. प्रत्येक जण आपली आधीची वेळ फॉर्मवर लिहून देतो, ती एंट्री टाइम. आठ लेनच्या तलावात हीटमधला सर्वात वेगवान लेन ४ मध्ये, नंतरचा ५ मध्ये, मग ३, ६, २, ७, १ आणि शेवटचा ८ मध्ये. म्हणजे वेगवान मंडळी मध्यभागी, बाकीचे कडेला. ज्याच्याकडे वेळच नाही तो सर्वात हळू समजला जातो आणि सुरुवातीच्या हीटमध्ये जातो.

आता हे गणित चुकतं का? चुकतं ना! १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कीरन पर्किन्स १५०० मीटरच्या फायनलमध्ये आठवा म्हणून कसाबसा पोचला, लेन ८ मिळाली आणि सुवर्ण घेऊन गेला.

दुसरी गोष्ट सिडनीची, साल २०००. १०० मीटर फ्रीस्टाइलची पहिली हीट, पोहणारे फक्त तीन. दोघे चुकीच्या स्टार्टमुळे बाद झाले. उरला विषुववृत्तीय गिनीचा एरिक मुसांबानी, एकटाच. त्याने १ मिनिट ५२.७२ सेकंदांत शर्यत संपवली. प्रेक्षकांनी टाळ्यांनी तलाव डोक्यावर घेतला, हे खरं. पण सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत रिकाम्या तलावात एकट्याने पोहायचं, हे किती जणांना झेपेल?

हाच प्रश्न प्रौढांच्या, म्हणजे मास्टर्स स्पर्धांमध्ये कायमचा आहे. अमेरिकन नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांना वाटायचं, की स्पर्धा असेल तर मोठी माणसंही नियमित पोहतील आणि तब्येत राखतील. मे १९७० मध्ये टेक्ससमधल्या अमॅरिलोला पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. आले किती? ४६ जण. पुढे १९८६ मध्ये टोकियोत जागतिक मास्टर्स स्पर्धा सुरू झाली.

इथे वयोगट पाच-पाच वर्षांचे: २५ ते २९, ३० ते ३४, असे वर चढत जाणारे. वय धरतात ३१ डिसेंबरचं. आता विचार करा, ७५ ते ७९ च्या गटात एकच आजी आहेत. वयोगटाप्रमाणे हीट लावली, तर त्या एकट्याच पोहणार.

म्हणून मास्टर्सच्या नियमांत एक सुंदर तरतूद आहे: कुणाला एकट्याने पोहावं लागू नये आणि लेन भराव्यात, यासाठी वयोगट आणि स्त्री-पुरुष एकत्र करता येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सॉर्ट वेळेवर, ग्रुप बाय वयावर. आजींच्या शेजारी तितक्याच वेगाचा तिशीतला नवशिका पोहतो. दोघांनाही चुरस मिळते, निकाल मात्र आपापल्या गटात लागतो. ब्लॉकवरून उडी झेपत नसेल, तर पाण्यात उतरून भिंतीला पाय रेटून सुरुवात करायचीही मुभा आहे.

फुकट काहीच नसतं. मास्टर्समध्ये सहसा वेगळी फायनल नसते, हीटमधली वेळ हाच निकाल. त्यामुळे एकाच गटातले दोन तुल्यबळ स्पर्धक, एंट्री टाइममध्ये थोडा फरक पडला तर, वेगवेगळ्या हीटमध्ये जातात. एकमेकांना न बघताच त्यांचं पदक ठरतं. कुणी मुद्दाम हळू वेळ लिहून दिली, तर हीटच बिघडते. म्हणून काही मोठ्या स्पर्धांत वयोगटानुसारही हीट लावतात, ज्येष्ठ आधी.

मला विचाराल, तर छोट्या स्पर्धेत वेळेनुसारची यादीच बरी. पंगतीत एकट्याचं पान कुणी मांडत नाही. ४६ जणांपासून सुरू झालेला खेळ टिकवायचा, तर पुढच्या वर्षी आजी परत यायला हव्यात.

तुमच्या सोसायटीच्या किंवा क्लबच्या स्पर्धेत यादी कशी लावतात? एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!