ऐंशी रुपयांचा हिशेब

यंदाचा पापड-कुरडयांचा हंगाम संपला आणि गटाची बैठक भरली. वहीत शिल्लक चांगली दिसत होती, चहा सांगून झाला होता. तेवढ्यात आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "नफा झाला म्हणता, पण माझे दोन महिन्यांचे हात कुठं लिहिलेत?" आम्ही वही चाळली. उडदाची डाळ, पापडखार, तेल, पिशव्या, टेम्पोचं भाडं, सगळं होतं. मजुरी नव्हती. ती धरून बघितली, तर शिल्लक जवळजवळ उरतच नव्हती. आणि त्याच आठवड्यात एक व्यापारी सांगून गेले होते, "ताई, कंपनी काढा, पैसे मी घालतो."

उत्तर द्यायच्या आधी आम्ही एक जुनी गोष्ट नीट समजून घेतली. लिज्जत पापड आपल्या सगळ्यांना माहीत आहे, जाहिरातीतला ससाही माहीत आहे. त्यांचा हिशेब मात्र आम्ही कधी बघितला नव्हता.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. भांडवल 80 रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. लोक त्यांना छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. पैसे उसने घ्यायचे, पण देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. आम्हाला हे वाचून जरा लाजच वाटली. अनुदानाचा अर्ज कुठं मिळतो, हा आमच्याकडचा पहिला प्रश्न असतो!

आधी त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक भारी आणि एक स्वस्त. छगनबापांनी सांगितलं, एकच करा आणि चांगलाच करा, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, कारण पापड वाळणार कुठं? पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये.

आता आमच्या मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. लिज्जतमध्ये बाई सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेते, लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणून देते. तिथंच लाटण्याची मजुरी हातात पडते. तिला ते वणाई म्हणतात. म्हणजे डाळीची किंमत जशी खर्चात, तशी हातांची किंमतही खर्चात. ती देऊन जे उरतं, त्याला नफा म्हणायचं, आणि त्या नफ्यात ती बाई पुन्हा मालकीण म्हणून वाटेकरी असते. एकाच बाईचे दोन हक्क, वहीत दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलेले. आम्ही ते दोन्ही एकाच रकान्यात कोंबले होते, म्हणून मजुरी गडप झाली.

त्याच्या तीनच वर्षं आधी, 1956 मध्ये, हिंदू वारसा कायदा आला होता. त्यात हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली गेली, आणि त्या मालमत्तेत तिनं स्वतःच्या कौशल्यानं वा कष्टानं मिळवलेलंही आलं. कायदा कागदावर होता. गिरगावात तो रोज हातावर मोजून मिळत होता.

नोंदणी केव्हा झाली म्हणाल, तर सात वर्षांनी. 1966 मध्ये त्यांनी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नाव नोंदवलं. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, 8 लाख रुपयांचं खेळतं भांडवल दिलं, काही करांतून सूटही मिळाली. आधी वही, मग कागद.

व्यापाऱ्यांचं बोलणं आम्ही मग या उजेडात बघितलं. कंपनीत साधारणपणे मत शेअरच्या हिशेबानं असतं. पैसे त्यांचे जास्त, तर शब्दही त्यांचाच. कंपनी स्वतः वेगळी व्यक्ती असते, तिचा कर वेगळा, तिची तपासणी दरवर्षी. तिथं काम करणारीला पगार मिळतो आणि तो कंपनीच्या खर्चात धरला जातो. भागीदारीत काम करणाऱ्या भागीदाराला मेहनताना देता येतो, पण तो करारपत्रात लिहिलेला हवा आणि प्राप्तिकराच्या मर्यादेत हवा. आणि एकटीचा धंदा असेल, शिवणकाम म्हणा, मेहंदी म्हणा, तर गल्ल्यातून घरी नेलेले पैसे पगार नव्हेतच, ती उचल. तिनं खर्च वाढत नाही आणि करही कमी होत नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी वर्षानुवर्षं ती उचल खर्चात लिहीत होत्या. किराणाही त्यातच!

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. पापडाला तो लागत नाही, मसाल्याला लागतो. आपल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल, तर आधी सल्लागाराला विचारा, तिथं ही मर्यादा चालत नाही.

व्यापाऱ्यांना आम्ही कळवलं, माल घ्या, भाव ठरवू, कंपनीचं सध्या नको. ते थोडे नाराज झाले, पण ऑर्डर दिली. मग बैठकीत तासभर भांडण झालं ते मजुरीच्या दरावर. किलोमागे द्यायची की दिवसावर? हळू लाटणारीचं काय? मावशी किलोच्या बाजूनं होत्या, त्यांचा हात चपळ आहे ना. शेवटी किलोवर ठरलं. दर पहिल्या पानावर लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा दिला, आणि शाईची बाटली सांडून पहिल्या पानाचा कोपरा निळा झाला.